होडी सोडताना

“काशिनाथची होडी धक्क्यावरून काढा. यापुढे त्यानं खाडीतून माणसं न्यायची नाहीत,” शर्मिलाचा दीर म्हणाला आणि देवळात जमलेल्या गावानं माना हलवल्या. काशिनाथ खांबाशी खाली बघत बसला होता. होडी उलटली तेव्हा तो पोहून वर आला होता. शर्मिलाचा नवरा आला नव्हता.

शर्मिलाला एका जागी बसवेना. ती उठायची, दारापर्यंत जायची, परत यायची. होडी सुटण्याआधी नवऱ्याचा फोन आला होता. मागून काशिनाथचा आवाज तिनं स्वच्छ ऐकला होता, “वारा बरा नाही, दत्ताराम. सकाळी जाऊ.” त्यावर नवरा हसला होता, “घाबरतोस काय? सोड होडी!” हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगितलं, तर गेलेल्या माणसावरच खापर फुटणार होतं.

“भाऊजी, थांबा,” ती अखेर म्हणाली आणि ऐकलेलं सगळं तिनं सांगून टाकलं.

दिराचा चेहरा उतरला. “वहिनी, स्वतःच्या नवऱ्याला दोष देता?”

काशिनाथ उठून उभा राहिला. “तो तसं म्हणाला, हे खरं. पण वल्हं माझ्या हातात होतं. मी ऐकायला नको होतं, वहिनी.”

गावानं होडी काढायचा विचार सोडून दिला. होडी धक्क्यावर राहिली.

इतके दिवस शर्मिला मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत होती. घरी परतताना ते भांडण थांबलं, आणि तो आता नाही, हे तिला पहिल्यांदा कळलं. ती वाटेतच खाली बसली आणि मोठ्यानं रडली.