पाळण्यावरची पट्टी

पाळण्याच्या दांडीवर चिकटवलेल्या पट्टीची एक कड उलटी वळली होती. तिच्यावरच्या काळ्या रेघा मधोमध राखाडी झाल्या होत्या. तिथेच रोज स्कॅनर टेकायचा. इन्चार्ज सिस्टरनी कड अंगठ्यानं दाबली, स्कॅनर टेकवला. हँडसेट टुणकन वाजला, औषध याच बाळाचं असल्याची हिरवी खूण उमटली. त्यांनी औषधाची छोटी सिरिंज उचलली.

खरी पट्टी बाळाच्या घोट्याला होती. पण तिच्यासाठी दुपट्याची गुंडाळी सोडावी लागे. दिवस भरण्याआधी जन्मलेली, मूठभर वजनाची बाळं. पाय उघडा पडला की गार पडत आणि रडून दमत. म्हणून प्रत्येक पट्टीची दुसरी प्रत छापून पाळण्याला चिकटवायची युक्ती सिस्टरनीच काढली होती. बाळं निवांत झोपत. औषधांची नोंदही एकदम चोख. सगळ्या रुग्णालयात याच वॉर्डचा पहिला नंबर.

म्हणूनच आज कॉम्प्युटर विभागातली इंजिनिअर मुलगी मोबाइल सरसावून उभी होती. इतर वॉर्डांना दाखवायला तिला छोटी फिल्म हवी होती. तिनं विचारलं, हेच एकदा पायावर करून दाखवाल का? पाळण्यापेक्षा पाय छान दिसेल.

सिस्टर हसल्या. ही मुलगी आली की वॉर्डात वारं शिरल्यासारखं व्हायचं. शिवाय ती दर वेळी तोच विषय काढायची: नर्सचं काम आतून माहीत असलेलं माणूस आमच्याकडे हवंय, तुम्ही या ना. मेट्रननीही तीनदा विचारलं होतं. सिस्टरचं उत्तर ठरलेलं, "बघू." बाळांना सोडून पडद्यासमोर बसायचं, हे काही त्यांच्या गळी उतरत नव्हतं. घरी नवरा म्हणे, तुझं ते 'बघू' एव्हाना रांगायला लागलं असेल.

त्यांनी दुपट्याचं टोक सोडलं आणि घोट्यावर स्कॅनर धरला.

हँडसेट कर्कश वाजला. पडदा लाल झाला. हे औषध या बाळाचं नाही.

"तुझ्या डब्याला जुळी कळत नाहीत वाटतं," सिस्टर म्हणाल्या. ही जुळ्यांतली थोरली. हृदयाचं औषध हिचंच. शेजारच्या पाळण्यातल्या धाकटीचं हृदय ठणठणीत होतं; तिच्या पोटात हे गेलं असतं तर छातीचे ठोके मंदावत थांबायला वेळ लागला नसता.

मुलगी गोरीमोरी झाली. कालच नवं अपडेट टाकलंय, त्यातच काहीतरी बिघडलं असणार, असं पुटपुटत ती हँडसेटकडे हात न्यायला लागली. सिस्टरनी तो दिला नाही. त्यांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, शेजारच्या पाळण्यातलं दुपटं सोडलं, तिथल्या बाळाचा पाय स्कॅन केला.

हिरवी खूण.

म्हणजे थोरली या पाळण्यात होती. मग कोपऱ्यातल्या खुर्चीवरून जुळ्यांची आई उठली. पहाटे दोघी किरकिरत होत्या, ती सांगू लागली, म्हणून मी त्यांना एकाच पाळण्यात ठेवलं. एकमेकींना चिकटून लगेच झोपल्या. नंतर परत ठेवताना... ती एकदा या पाळण्याकडे, एकदा त्या पाळण्याकडे बघत राहिली.

"आई असून मला ओळखता आल्या नाहीत, सिस्टर."

"तुम्ही नाही चुकलात," सिस्टर म्हणाल्या. "चूक माझी आहे. मी पाळणे तपासत होते, बाळं नाही."

त्यांनी बाळांची अदलाबदल केली, थोरलीचा पाय पुन्हा स्कॅन केला, औषध थेंब थेंब तिच्या ओठांत सोडलं. हात स्थिर होते. मग त्या एकेका पाळण्यावरची प्रत नखानं सोलून काढू लागल्या. मुलगी मागोमाग चालत होती. या प्रती मुळात लावल्याच कशाला, हे तिला अजून कळलं नव्हतं.

"तुम्ही ही घोट्याची पट्टी कोणावर तपासली होती?" सिस्टरनी विचारलं.

"बाहुलीवर."

"बाहुली गार पडत नाही गं."

आणि मग सिस्टर बोलतच सुटल्या. पट्टीला लांब शेपूट हवं, दुपट्याबाहेर डोकावणारं. हिरव्या खुणेला आवाज नको, बाळं दचकतात; नुसता हातात थरथराट पुरे. लाल आवाज मात्र असाच राहू दे. आणि पट्टीची दुसरी प्रत कुणालाच छापता येता कामा नये, मलासुद्धा. मुलगी मोबाइलवर भराभर टिपत होती, मध्येच हसत होती. हे एवढंसं? हे तर होण्यासारखं आहे. असं आणखी काय काय आहे? सिस्टर म्हणाल्या, असं पुष्कळ आहे, प्रत्येक वॉर्डात आहे. हे बोलता बोलता त्या थबकल्या.

भिंतीवरचा फोन उचलून त्यांनी मेट्रनना घडलेलं सगळं सांगितलं, स्वतःच्या युक्तीसकट. मग मेट्रननी विचारलं, बाकीच्या वॉर्डांतही अशाच युक्त्या चालत असतील, त्या शोधून मशीन सुधारायचं काम आता कोणावर सोपवू?

"माझ्यावर," सिस्टर म्हणाल्या. "ती कॉम्प्युटर विभागातली जागा मी घेतेय."