भिंतीएवढं चित्र

"अगं वहिनी, रेवू टीव्हीला नाक लावून बसते. एकदा डोळे दाखवून घे तिचे," नणंद म्हणाली, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. "तुझ्या दादावर गेलीय ती." तरी मनाला घोर लागलाच. बरंच वाचून मी ठरवलं, टीव्ही काढायचा आणि प्रोजेक्टर घ्यायचा. भिंतीवरून परतलेला उजेड म्हणे डोळ्यांना सौम्य असतो. शिवाय चित्रच एवढं मोठं, की पोर आपोआप मागे बसेल.

दुकानातल्या अंधाऱ्या खोलीत विक्रेत्याने दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी लावले, एक डीएलपी, एक एलसीडी. दोन्हींवर तीच फुललेली बाग. नवऱ्याला पहिल्यातला गडद काळा आवडला, मला दुसऱ्यातले रंग. आमचं जुळेना, तेव्हा तो कोचावर बसलेल्या लेकीकडे वळला. "आता आमच्या मॅडमच सांगतील. कुठलं छान आहे गं?"

रेवू खाली उतरली, चालत थेट भिंतीपाशी गेली आणि नाक टेकवून उभी राहिली. तिच्या फ्रॉकवर सगळी बाग पसरली.

"बाबा, इथे फुलपाखरू आहे," ती म्हणाली. "तिथून नुसतं पिवळं पिवळं होतं."

फुलपाखरू तिच्याहून मोठं होतं.

आम्ही काही न घेता उठलो आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. आता चष्मा लावून ती जुनाच टीव्ही माझ्याशेजारी सोफ्यावर बसून बघते.

तुमच्याही घरात कुणी टीव्हीला चिकटून बसत असेल, तर "मागे हो" म्हणून ओरडू नका. मागून काय दिसतं, ते आधी विचारा.