टेकडीमागची वाळू

“टेकडीमागची वाळू अजून कुणी ऐकलेली नाही,” थरच्या वाळवंटात रणभूमी दाखवणारी गाईड यशोधरा मोहिते म्हणाली. “जे निघेल ते निघेल. यंत्र लावू ना, काकू?”

हौसाबाई निकम साताऱ्याकडून त्यासाठीच आल्या होत्या. त्या आईच्या पोटात असताना त्यांचे वडील, गणपत साळवी, इथल्या लढाईत बेपत्ता झाले. गणपत पळून गेला, असं गाव अजून बोलायचं.

“लाव. पळाले असतील तर तेही कळू दे.”

यशोधरेनं ध्वनियंत्राची सळई उतारावर रोवली. वाळूत मुरलेला जुना गोळीबार आधी खडखडला. मग कुणीतरी कण्हत म्हणालं, “गणपत, मला टाक आणि तू जा.”

“गप पड,” दुसरा धापा टाकत ओरडला. “तुला घेऊनच जाणार. मान धर माझी, घट्ट!”

यंत्रातून मोठ्या स्फोटाचा आवाज आला. त्यानंतर नुसता वारा ऐकू येत राहिला.

हौसाबाई वाळूतच बसल्या. “किती कोवळा आवाज गं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “माझ्या नातवासारखा.”

“यापुढे इथं येणाऱ्या लोकांना हे ऐकवलं तर चालेल?” यशोधरेनं हळूच विचारलं.

“ऐकव की. नाव सांगून ऐकव.” त्यांनी गावच्या सरपंचांना फोन लावला. “भाऊ, फोन पंचायतीच्या भोंग्याला जोडा. आत्ताच्या आत्ता.”

त्यांनी फोन यंत्राजवळ धरला. यशोधरेनं तेच पुन्हा लावलं आणि आवाज होता तेवढा वाढवला.