दहाव्याचं विमान

सत्यवती गेल्याचं कळलं त्या दिवशी श्रीपत मस्कतमध्ये क्रेनच्या केबिनमध्ये बसला होता. धाकट्या भावाचा, हरेशचा फोन आला. "दादा, वयनी गेली," एवढंच तो बोलला. श्रीपतने उचललेला लोखंडी खांब आधी जागेवर ठेवला, मग तो खाली उतरला.

अग्नी हरेशने दिला. श्रीपतला नवव्या दिवशी निघता आलं. दहाव्याच्या सकाळी वसईतल्या गासच्या तळ्यावर नक्की असेन, असं त्याने घरी सांगितलं होतं. पण मस्कतच्या विमानतळावरून रात्रीचं विमान सुटलंच नाही.

सकाळी साडेनऊला बोर्डावरची वेळ तिसऱ्यांदा बदलली. आता दुपारी दीड. घरी तेव्हा अकरा वाजले होते. पिंड मांडून झाले असतील, श्रीपतच्या मनात आलं.

शेजारच्या खुर्चीवर रुडॉल्फ होता. तोही वसईचाच, मस्कतमध्ये एसी दुरुस्त करायचा. रात्रभर त्यानेच श्रीपतला बोलतं ठेवलं होतं.

"इंजिन आणायला विरारला गेलेत वाटतं हे लोक," रुडॉल्फ म्हणाला.

श्रीपतला हसू आलं. लगेच त्याने मान खाली घातली. बायकोच्या दहाव्याला आपण हसलो. विमान कंपनीने दिलेला बिर्याणीचा डबा मांडीवर तसाच होता. तो त्याने खुर्चीखाली सरकवला.

तेवढ्यात हरेशचा व्हिडिओ कॉल आला. त्याने डोकं भादरलं होतं. मागे तळं, काठावर केळीच्या पानावर पिंड, आणि पलीकडे माणसं उन्हात बसलेली.

"दादा, तास झाला. कावळे समोर चिंचेवर बसलेत, पन एकही खाली येत नाय."

"काय काय कबूल केलंत?"

"खुशीचं लगीन थाटात करू बोललो. वयनीची चाफ्याची झाडं तोडनार नाय बोललो. तिच्या भावाने सांगितलं, नाकातली चमकी खुशीलाच देऊ. नाय शिवत."

मागून हरेशच्या बायकोचा, हेमांगीचा आवाज आला. "भाऊजींनाच बोलायला सांगा. बावीस वर्षं त्यांची वाट बघितली तिने. आता इमानाचीपन बघतेय."

"गप ग," हरेश म्हणाला.

मग खुशीचा चेहरा पुढे आला. डोळे सुजलेले. "पप्पा, तुम्हीच बोला ना. मम्मी नेहमी एकच सांगायची तुम्हाला."

श्रीपतला माहीत होतं. दर सुट्टी संपली की रिक्षात बॅग ठेवताना सत्यवती म्हणायची, "आता येशील तो कायमचा ये." तो म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." असं बावीस वर्षं.

तो उठून भिंतीपाशी गेला. भिंतीकडे तोंड केलं.

"सत्यवती, मी कायमचा येतोय."

"दादा, ऐकू येत नाय. आवाज तुटतोय."

"कायमचा येतोय मी."

"जोरात बोल! कावळ्यापर्यंत जायला पायजे."

"सत्यवती!" श्रीपत ओरडला. "मी कायमचा घरी येतोय! परत जानार नाय!"

खुर्च्यांवर झोपलेले लोक उठून बसले. एका बाईने लेकराला जवळ ओढलं. सुरक्षारक्षक दोन पावलं पुढे आला, आणि श्रीपतचं तोंड बघून तिथेच थांबला. फोनवर आभाळ दिसलं, कुणाचे तरी पाय दिसले आणि कॉल तुटला.

पाच मिनिटांनी परत फोन वाजला. आता नुसता आवाज होता.

"शिवला, दादा! तू बोललास आनी शिवला बघ." मागे बायका रडत होत्या.

श्रीपत खुर्चीवर येऊन बसला. दोन्ही हातांनी त्याने तोंड झाकून घेतलं.

रुडॉल्फने रुमाल काढून स्वतःचेच डोळे पुसले. "आमच्यात कावळा नाय, चर्चमध्ये मिस्सा असतो," तो म्हणाला. "पण बायका सगळीकडच्या सारख्याच. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं तिला. बरं केलंस बाबा. मलापण एकदा असं सगळ्यांदेखत बोलायची हिंमत झाली पायजे."



थोड्या वेळाने खुशीचा आवाजी मेसेज आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"पप्पा, काकांना सांगू नका मी सांगितलं म्हणून. कावळा नाही आला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. काका बोलले, दादा तिकडे एकटा आहे, त्याला कशाला सांगायचं. पण तुम्ही टेन्शन नका घेऊ. कावळ्याला काय कळतं? तुम्ही कायमचे येताय, मला बास झालं. मम्मीलापण कळलं असेल. मी संध्याकाळी रस्त्यावर येऊन उभी राहते."

श्रीपतने मेसेज दोनदा ऐकला. मग फोन खिशात टाकला.

काउंटरवर नावं पुकारायला लागले होते. तो रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर त्याचं नाव शोधलं, झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली आणि हिंदीत समजावून सांगितलं. विमानाला इतका उशीर झालाय, तर मुंबईहून मस्कतला परत यायचं तिकीट हवं तर आत्ताच रद्द करून पूर्ण पैसे परत मिळतील. ते चार दिवसांनंतरचं आहे. करायचं का?

चार दिवसांनी म्हणजे तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. ती तारीख श्रीपतनेच निवडली होती. त्याने मागे वळून पाहिलं. रुडॉल्फ लांब होता.

"नको," तो हळू आवाजात म्हणाला. "राहू द्या."

ते तिकीट त्याने रद्द केलं नाही.