अप्पांचे इअरबड

हेमांगीने वडिलांच्या कानांतले इअरबड काढले आणि अप्पा लगेच बावरले.

"तुम्ही कोण? शरयू कुठे गेली?"

"दोन मिनिटं बसा, अप्पा."

समोरच्याचा आवाज ओळखून इअरबड त्याचं नाव अप्पांच्या कानात सांगायचे. पण फोमच्या टोप्या झिजल्यामुळे ते सारखे गळून पडत होते. तिने घाईघाईने जाळीतला मळ ब्रशने झाडला आणि नव्या टोप्या चढवल्या. अप्पा दारात जाऊन बायकोला हाका मारत होते. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

टोपी नीट बसते का, हे पाहायला हेमांगीने एक इअरबड स्वतःच्या कानात घातला. "झालंच हं, अप्पा!"

कानात अप्पांचाच जुना, खणखणीत आवाज आला. आजार कळल्यावर त्यांनी स्वतःसाठीच तो नोंदवून ठेवला होता. "ही हेमांगी, तुझी मुलगी. शरयू आता नाही. हिला तिच्याबद्दल विचारू नकोस, ही रडते."

तिने इअरबड अप्पांच्या कानांत बसवले, फोम फुगेपर्यंत बोटांनी दाबून धरले आणि त्यांना हाक मारली. अप्पा शांत झाले.

"हेमांगी, चहा घेतेस?"

"आधी आईबद्दल विचारा," ती म्हणाली. "रडले तर रडले."