पाचवा उद्गार

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्या गावात गुड फ्रायडेला काळ्यांच्या चर्चमध्ये येशूच्या अखेरच्या सात उद्गारांवर प्रवचनं होत. पाचवा, “मला तहान लागली आहे,” यंदा तरुण टेम्पीकडे आला. तिनं स्वतःची कविता वाचली. कवितेतला येशू कोर्टासमोरच्या झाडाला लटकून पाणी मागत होता, खाली गोरे सरबत पीत होते. “देवालाच फास लावतेस, पोरी?” पास्टर कडाडले. ओझेलाआजी उठल्या. त्यांच्या लेकाला गोऱ्यांनी त्याच झाडावर टांगलं होतं. तेव्हापासून चर्चमधलं कुणी तिकडे फिरकेना. आजींनी पास्टरांपुढचा पाण्याचा पेला उचलला. “तहान लागलीय म्हणतोय ना तो? मग बसलात काय!” भरदुपारी अख्खं चर्च त्यांच्यामागे त्या झाडापाशी गेलं. आजींनी मुळाशी पाणी ओतलं. पास्टरांनी रिकामा पेला घेतला. “एवढ्यानं कुठली तहान भागतेय!” म्हणत ते “फक्त गोऱ्यांसाठी” लिहिलेल्या कोर्टाच्या नळाकडे निघाले.