भेटीचा खर्च

स्कूटीचा एकच हप्ता थकला होता. वसुली कंपनीचा अमरदीप माझ्या उटनूरच्या खोलीवर यायचा आणि दर खेपेचा 'भेट-खर्च' हप्त्यावर चढवायचा. मी शाळेत असले, की मेला दाराच्या कुलपाचा फोटो काढायचा. वर फोन करून सांगायचा, "मॅडम, भेट झाली. पाचशे लागतीन."

काल नार्नूरला आईकडे माझ्या धाकट्या बहिणीला, मैत्रीला, पाहायला पाहुणे आले. पोहे घेऊन मी बाहेर आले, तर समोर मुलगा म्हणून हाच अमरदीप बसलेला!

त्याची आई म्हणाली, "पोरीले बलावा ना आता."

मी आत गेले आणि दाराचं कुलूप आणून त्याच्या हातात ठेवलं.



"याचा फोटो काढून घ्या, सर. भेट झाली."